देशी खेळ, कवाईत आणि प्राथमिक शाळेंतील मूल

महाराष्ट्रांतील शिक्षणाचा इतिहास आजवर बहुतांशीं पुस्तकांचा, परीक्षांचा आणि संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या सालीं कोणती शाळा निघाली, क्रमिक पुस्तकें कोणीं रचिलीं, पटावर किती मुलें होतीं, हें आपणांस कळतें. परंतु पटावरील तें मूल धांवत होतें कीं नाहीं, त्याला चेंडू झेलतां येत होता कीं नाहीं, एका पायावर तोल सांभाळण्यास तें कोठें शिकलें, हा प्रश्न इतिहासकारानें क्वचितच विचारला आहे. व्यायामाचा इतिहास लिहिणारांनींही लक्ष दिलें तें बहुधा मल्लांकडे, तालमींकडे व उस्तादांकडे. सहा ते दहा वर्षांचें मूल ह्या दोन्ही इतिहासांच्या मधल्या जागेंत हरवलें आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय तेंच मूल होय. धांवणें, उडी मारणें, लंगडी घालणें, वळणें, तोल सांभाळणें, फेंकणें, झेलणें, टोला मारणें ह्या हालचालींस आम्हीं येथें मूळ हालचाली असें म्हटलें आहे. कारण पुढें शिकावयाचे सर्व खेळ व व्यायाम ह्यांच्याच जुळणीनें बनतात. वय वाढलें कीं ह्या हालचाली आपोआप येतात असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वाढीबरोबर बळ येतें. परंतु हालचालीचें वळण सरावानें, अनुकरणानें आणि वेळींच कोणीं दुरुस्त केल्यानें येतें, असें अलीकडील अभ्यासांतून दिसून आलें आहे. जें मूल लहानपणीं नीट फेंकण्यास वा झेलण्यास शिकलें नाहीं, तें पुढें खेळापासूनच दूर राहण्याचा संभव वाढतो. तेव्हां हा सराव आपल्या मुलांस पूर्वीं कोठें मिळत होता, आणि शाळेनें तो कां उचलला नाहीं, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं.

प्रथम शाळेबाहेरच्या सामग्रीकडे पाहूं. तुकोबांच्या गाथेंत फुगडी, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू ह्या खेळांवर रूपकात्मक अभंग आहेत. एकनाथांच्या भारुडांतही खेळांचीं रूपकें येतात. ह्या रचनांचा हेतु अध्यात्माचा आहे, खेळाचें वर्णन हा नव्हे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तेंच त्यांचें मोल होय. रूपक समजावयाचें तर श्रोत्यास मूळ वस्तु अगोदर ठाऊक असावी लागते. डावांत कोण सुटतो, कोण सांपडतो, विटी कोणाच्या हातीं लागते, हें संतांनीं समजावून सांगितलेलें नाहीं. तें श्रोत्यांस माहीतच आहे असें धरून ते पुढें गेले. ह्यावरून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे खेळ महाराष्ट्रांत सर्वत्र रुळलेले होते असें अनुमान निघतें.

आतां ह्या खेळांची मूळ हालचालींच्या दृष्टीनें फोड करून पाहावी. शिवाशिवींत धांवणें, एकदम थांबणें आणि अंग चुकवून वळणें हें शिकलें जातें. लंगडींत एकाच पायावर तोल सांभाळून दुसऱ्याचा पाठलाग करावा लागतो. पाय टेकला कीं डाव गेला. आट्यापाट्यांत पाटी धरणारास रेषेवरूनच आडवें सरकावें लागतें, तर पाटी ओलांडणारास हूल देऊन निसटावें लागतें. खोखोंत उकिडवें बसून खो मिळतांच उठणें, एका दिशेनेंच धांवणें व खांबापाशीं वळणें आहे. विटीदांडूंत लहानशा खळगीवरून विटी कोलणें, उडालेल्या विटीस टोला देणें आणि पलीकडच्यांनीं ती वरच्यावर झेलणें आहे. लगोरींत नेम धरून फेंकणें, चेंडू चुकविणें व त्याच धांदलींत चपट्या दगडांची उतरंड हलक्या हातानें पुन्हां रचणें आहे. सूरपारंब्यांत झाडावर चढणें, पारंबीस लोंबकळणें व फांदीवरून उडी घेणें आहे. मुलींच्या ठिकरीच्या खेळांत एका पायावर उड्या मारीत त्याच पायानें ठिकरी घरांतून घरांत सारावी लागते. फुगडींत दुसऱ्याच्या भारावर आपला भार तोलून गरगर फिरावें लागतें.

ही यादी कोणीं शिक्षणशास्त्रज्ञानें आंखलेली नव्हती, तरी तिच्यांत एक प्रकारचा क्रम होता. अगदीं लहान मुलास मोठ्यांच्या डावांत 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. तो धांवे, शिवे, पकडला जाई; परंतु त्याच्यावर राज्य येत नसे व त्याच्यामुळें डाव बुडत नसे. शिकाऊ मुलास खेळांतून न काढतां खेळांतच चुकूं देण्याची ही रीत कोणत्याही शिक्षणपद्धतीस भूषणावह ठरली असती. मोठा भिडू धाकट्यास हात धरून पळे, दांडू कसा धरावा हें दाखवी, आणि दोन वर्षांनीं तोच लिंबूटिंबू पक्का भिडू होई. शिक्षक नव्हता, तरी शिकवणें चाललें होतें.

ह्या सामग्रीस उणेपण नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. पायानें चेंडू मारण्यास तींत फारच थोडें स्थान होतें. सर्व मुलांस ती सारखी मिळत होती असेंही नव्हे. गुरें राखणाऱ्या पोरास माळावर विटीदांडू मिळे, पण शेतावर राबणाऱ्या किंवा धाकटें भावंड कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीस दुपारचा डाव मिळतोच असें नाहीं. आणि कोणीं कोणाबरोबर खेळावें हें जातीनें ठरलेलें होतें. ह्या शेवटच्या मुद्द्याकडे पुढें यावयाचें आहे.

अव्वल इंग्रजीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेंत ह्या खेळांस जागा नव्हती. तेथें धुळाक्षरें गिरवावीं, उजळणी घोकावी, सायंकाळीं परवचा म्हणावा. शरीराशीं त्या शाळेचा संबंध येई तो मुख्यतः शिक्षेच्या रूपानें: अंगठे धरणें, कोंबडा होणें, कान धरून उठाबशा काढणें. तालमींत ज्या बैठका बळासाठीं मारावयाच्या, त्यांच्याच जवळच्या उठाबशा शाळेंत लाज आणण्यासाठीं काढावयाच्या, हा विरोध ध्यानांत घेण्यासारखा आहे. तथापि त्या काळीं त्यानें फारसें नुकसान झालें नसावें. शाळेंत बसणारीं मुलें थोडीं, व शाळा सुटल्यावर गल्ली, वेशीबाहेरचें मैदान व नदीचें वाळवंट हीं होतींच. अक्षरें पंतोजीकडे आणि हालचाली गल्लीकडे, अशी ही अलिखित वांटणी होती.

ही वांटणी इंग्रजी अमदानींत मोडूं लागली. सरकारी शाळा ठराविक वेळांच्या झाल्या, वर्ग वयाप्रमाणें पडले, मुलांची संख्या वाढली, आणि मुलाच्या शरीराची जबाबदारी कोणाची हा प्रश्न प्रथमच सरकारी कागदांत आला. ता. ३ फेब्रुवारी १८८२ रोजीं नेमलेल्या हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचें ह्या दृष्टीनें विशेष महत्त्व आहे. मुंबई इलाख्यांतून काशिनाथ त्रिंबक तेलंग हे त्याचे सभासद होते. ह्याच आयोगापुढें जोतीराव फुले ह्यांनीं त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत निवेदन सादर केलें, आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणांत मोडी, बाळबोध व हिशेब ह्यांजबरोबर शेतकीचें प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत अशी मागणी केली. आयोगाचा अहवाल १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. प्राथमिक शाळांसंबंधींच्या शिफारशींत शारीरिक वाढीविषयीं एक कलम आहे. त्याचा भावार्थ असा कीं, देशी खेळ, व्यायाम, शालेय कवाईत आणि त्या त्या प्रकारच्या शाळेच्या परिस्थितीस अनुरूप असे इतर परिश्रम ह्यांस उत्तेजन देऊन मुलांची शारीरिक वाढ साधावी.

ह्या कलमांतील शब्दांचा क्रम पाहावा. देशी खेळ पहिले, व्यायाम दुसरा, कवाईत तिसरी. आयोगानें हा क्रम जाणूनबुजून लावला असेल अथवा सहज लागला असेल. परंतु प्राथमिक वयाच्या मुलांस तो अगदीं योग्य होता. प्रत्यक्षांत मात्र तो उलटा झाला. ज्या शाळांनीं शरीराकडे कांहीं लक्ष दिलें त्यांनीं बहुधा कवाईत घेतली. देशी खेळ शाळा सुटल्यावर मुलांनीं खुशाल खेळावे असें मानलें गेलें. पहिलें शेवटीं आणि शेवटचें पहिलें कां झालें, हा आमच्या मतें ह्या विषयांतील मुख्य प्रश्न होय.

कवाईत ही मूळची पलटणींतली. इंग्लंडांत १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर लागलीच, १८७१ च्या शालेय नियमावलींत, आठवड्यास दोन तासांपेक्षां अधिक नाहीं व वर्षांतून वीस आठवड्यांपेक्षां अधिक नाहीं, इतकी कवाईत हजेरींत धरण्याची मुभा देण्यांत आली. ती शिकविण्यास लष्करांतील सार्जंट येत. पुढें बोअर युद्धाच्या वेळीं भरतीस आलेले पुष्कळ तरुण शरीरानें नालायक ठरल्यामुळें तेथें खळबळ उडाली, आणि १९०२ सालीं लष्करी शिक्षणावर आधारलेला एक नमुना-पाठ्यक्रम शाळांस देण्यांत आला. मोठ्या शिपायाचा अभ्यास लहान मुलास लावल्याबद्दल त्यावर इतकी टीका झाली कीं, १९०४ सालीं त्याच्या जागीं दुसरा पाठ्यक्रम आणावा लागला. तात्पर्य, ज्या देशांतून ही पद्धत आली तेथेंही ती मुलाचा विचार करून निघालेली नव्हती.

इकडे ती टिकण्याचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. पहिलें कारण जागेचें. आपल्या कितीतरी प्राथमिक शाळा धर्मशाळेंत, देवळांत किंवा भाड्याच्या वाड्यांत भरत. साठ मुलें अरुंद अंगणांत ओळीनें उभीं करून हात वर-खालीं करवितां येतात. आट्यापाट्या मांडतां येत नाहींत. दुसरें कारण मोजदादीचें. अनुदान निकालावर ठरावयाचें ही पद्धत मुंबई इलाख्यांत पूर्वींच रूढ होती आणि हंटर आयोगानेंही प्राथमिक शाळांपुरती तिची शिफारस केली. अशा व्यवस्थेंत तपासनिसास जें दाखवितां येईल तेंच शाळेंत वाढतें. कवाईत दाखवितां येते: शब्द उच्चारला कीं चाळीस हात एकदम वर जातात. परंतु गेल्या वर्षीं लंगडींत पांच पावलें टाकणारें मूल यंदा वीस टाकतें, हें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें? आणि ज्या मास्तराची बढती त्या रकान्यांवर अवलंबून, त्यानें तरी दुसरें काय करावें?

तिसरें कारण स्पर्शाचें आहे, आणि तें कागदोपत्रीं सांपडणारें नसल्यामुळें आम्ही तें तर्क म्हणूनच मांडतों. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज नाकारला गेला, हें प्रकरण प्रसिद्ध आहे. त्यानंतरही पुष्कळ काळ अस्पृश्य मानलेल्या मुलांस प्रवेश मिळाला तरी तो निराळ्या जागीं बसण्याचा. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या आठवणींत शाळेंतील वेगळें गोणपाट आणि नळास हात लावण्याची बंदी ह्यांचें वर्णन केलें आहे. अशा शाळेंत देशी खेळ कसे चालावेत? ते बहुतेक सारे शिवण्याचे खेळ आहेत. शिवाशिवी म्हणजे खेळ आणि शिवाशिव म्हणजे विटाळ. एकाच धातूपासून निघालेल्या ह्या दोन शब्दांमध्यें सारा सामाजिक इतिहास उभा आहे. कवाईतींत हातभर अंतर राखून उभें राहावयाचें असतें. कोणीं कोणास शिवत नाहीं. शाळाचालकांनीं हा विचार उघडपणें केला असेल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या शाळेंत एकत्र पाणी पिण्याची सोय नव्हती, तेथें एकत्र हुतुतू खेळविण्याचें मास्तराच्या मनांतही आलें नसेल, हें समजणें कठीण नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळांत घेण्याचें फर्माविलें. त्या हुकुमांचें महत्त्व अक्षरांपुरतें नाहीं. एकाच पटांगणांत सर्व मुलांनीं एकमेकांस शिवून खेळावें ह्याची पहिली अट त्यांनीं निर्माण केली.

इकडे कवाईत स्थिर होत असतां इंग्लंडांत तिचें आसन डळमळूं लागलें होतें. तेथें १८८१ पासून लंडनच्या स्कूल बोर्डानें मार्टिना बर्गमन ह्या स्वीडिश बाईंकडे मुलींच्या व बालकांच्या शाळांतील व्यायामाची देखरेख दिली होती, आणि लिंगच्या स्वीडिश पद्धतीचा प्रवेश झाला होता. १९०९ चा पाठ्यक्रम त्याच धर्तीवर होता. ती पद्धतही हुकुमाचीच, परंतु निदान मुलाच्या सांध्यांचा व श्वासाचा विचार करणारी. १९१९ च्या पाठ्यक्रमांत लहान मुलांसाठीं खेळ व नृत्य ह्यांस जागा मिळाली. १९३३ चा पाठ्यक्रम आणखी मोकळा झाला. शेवटीं १९५२ व १९५३ सालीं जीं दोन पुस्तकें तेथील शिक्षण खात्यानें प्राथमिक शाळांसाठीं काढलीं, त्यांत ठराविक तक्ते जाऊन मुलाची स्वतःची हालचाल हाच पाठाचा आरंभ मानला गेला. म्हणजे ऐंशी वर्षांच्या वळणानंतर इंग्लंड अशा जागीं पोंचलें, कीं जेथून आपला लिंबूटिंबू पूर्वींच खेळावयास निघाला होता.

आतां महाराष्ट्रांतील पुनरुज्जीवनाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत देशी व्यायामासाठीं जें कार्य झालें तें कोणासही अभिमान वाटावा असेंच आहे. बडोद्यास जुम्मादादा व्यायाम मंदिरांत प्रो. माणिकराव ह्यांनीं संघव्यायामाची शिस्त बसविली आणि कवाईतीचे हुकूम देशी भाषेंत आणिले. पुण्यास डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम बांधले. त्याच वर्षीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ व व्यायाम जगापुढें मांडले. हुतुतूचे नियम १९२३ सालीं बडोद्यास छापले गेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांचेच शिष्य. त्यांनीं संघानें करावयाच्या यौगिक व्यायामाची आंखणी केली. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनीं १९३६ ते १९४९ ह्या काळांत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादून प्रसिद्ध केले. १९३८ सालीं मुंबई सरकारनें कांदिवली येथें शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठीं विद्यालय उघडलें.

ह्या सर्व उद्योगाचें उद्दिष्ट मात्र नीट ओळखलें पाहिजे. परक्या सत्तेखालीं दुबळें ठरविल्या गेलेल्या समाजास बलवान व संघटित तरुण हवे होते. म्हणून पुढें आलें तें बळ, शिस्त व स्पर्धा. देशी खेळांस प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्यांस नियम, मोजमापें, पंच व वेळ देण्यांत आलें. त्या काळीं हें आवश्यक होतें. नियम नसते तर हे खेळ क्रिकेट व हॉकी ह्यांपुढें टिकलेच नसते. परंतु नियमांबरोबर खेळ मोठ्यांचा झाला. पूर्वीं सात मुलें जमलीं तर सातांचा खोखो होई, अंगण लहान असेल तर पाट्या कमी मांडीत. आतां नऊ भिडूंचा संघ, ठराविक पाट्या, ठराविक मिनिटें. कोणत्याही नियमपुस्तकांत लिंबूटिंबूसाठीं कलम नाहीं, आणि असणेंही शक्य नाहीं. कारण सामन्यांत जो डाव बुडवील तो बाहेर बसतो. परिणाम असा झाला कीं शाळेंतील जीं दहा मुलें अगोदरच चपळ, त्यांस देशी खेळ मिळाले; आणि ज्यांस धांवण्याफेंकण्याचें वळण लावण्याची खरी गरज होती तीं रिंगणाबाहेर उभीं राहून टाळ्या वाजवूं लागलीं. कवाईतीनें सर्वांस घेतलें पण शिकविलें थोडें. सामन्यानें शिकविलें पुष्कळ पण घेतलें थोड्यांस.

मुलींची कथा ह्याहून निराळी आहे. त्यांचे खेळ शाळेनें घेतले नाहींत, आखाड्यानें तर नाहींतच. ज्या समाजांत आठव्या-दहाव्या वर्षीं विवाह होत, तेथें मुलीचें धांवणें त्याच वयांत संपत असे. श्रावणांतील मंगळागौरीचा ह्या संबंधांत विचार करावा. पांढरपेशा घरांतून नवविवाहितेनें पहिलीं पांच वर्षें हें व्रत करावयाचें, रात्र जागवावयाची, आणि जागरणांत फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा असे खेळ खेळावयाचे. आज त्या खेळांकडे आपण सुवासिनींचें मनोरंजन म्हणून पाहतों. परंतु ती नवविवाहिता नऊ वर्षांची असे, हें ध्यानीं आणिलें म्हणजे त्या रात्रीचा अर्थ पालटतो. वर्षभर सासरीं मान खालीं घालून वावरणाऱ्या पोरीस उड्या मारण्याची, गरगर फिरण्याची व मोठ्यानें हंसण्याची ती धर्मानें दिलेली परवानगी होती. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलींच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. शाळेंत जाणाऱ्या मुलींची संख्याही वाढत गेली. मुलीच्या बालपणास कायद्यानें वर्षें मिळालीं, परंतु त्या वर्षांत तिनें खेळावें कोठें ह्याचें उत्तर कोणीं दिलें नाहीं.

ह्या इतिहासाचा आजच्या स्थितीशीं संबंध लावून पाहणें उपयुक्त होईल. तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या मूळ हालचाली तपासण्यासाठीं अमेरिकेंत डेल उलरिच ह्यांनीं रचलेली कसोटी प्रसिद्ध आहे. तिच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तींत स्थलांतराच्या सहा व चेंडूच्या सहा अशा बारा हालचाली आहेत: धांवणें, घोडदौडीसारखें उसळत जाणें, लंगडणें, ढांग टाकून उडी, जागची लांब उडी, आडवें सरकणें, तसेंच टोला मारणें, चेंडू जमिनीवर आपटीत राहणें, झेलणें, पायानें मारणें, खांद्यावरून फेंकणें व खालून घरंगळविणें. आपल्या जुन्या खेळांची वर केलेली फोड हिच्याशीं ताडून पाहिली तर धांवणें, लंगडणें, सरकणें, टोला, झेल व फेंक ह्यांचा भरपूर सराव त्यांत होता असें दिसेल. पायानें मारणें व चेंडू आपटणें ह्यांत तो तोकडा होता. उलट गरगर फिरून तोल राखणें, चढणें व लोंबकळणें ह्या ज्या गोष्टी त्या बारांत नाहींत, त्या आपल्या खेळांत होत्या. म्हणजे जुनें सर्वच पूर्ण असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण त्याला जोड द्यावयाची होती, तें टाकावयाचें नव्हतें.

दुर्दैव असें कीं अलिखित वांटणी मोडली, पण नवी वांटणी झाली नाहीं. गल्ली वाहनांनीं घेतली, वाळवंटें व माळ बांधकामांत गेले, वडाच्या पारंब्या उरल्या त्या थोड्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेस क्रीडांगण व खेळाचें साहित्य असावें असें परिशिष्टांत नमूद केलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत देशी खेळांच्या साहाय्यानें शिकविण्याचा उल्लेख पुन्हां आला. १८८२ च्या आयोगापासून मोजलें तर एकशें अडतीस वर्षांनीं तोच शब्द सरकारी कागदावर परतला. परतलेला शब्द ह्या वेळीं तरी कागदावरून अंगणांत उतरतो कीं नाहीं, हें पुढील इतिहासकार सांगेल. मागील अनुभवावरून इतकेंच म्हणतां येईल कीं, तो केवळ सामन्यांच्या रूपानें उतरला तर पुन्हां दहा मुलांचाच होईल. आणि केवळ तपासणीच्या रूपानें उतरला तर पुन्हां कवाईतच होईल.

इतिहाससंशोधकाचें ह्यांत कांहीं कर्तव्य आहे काय? आमच्या मतें आहे. जर्मनींतील गुट्समुट्स ह्या शिक्षकानें १७९६ सालीं मुलांच्या खेळांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो केवळ जुन्याच्या हौसेनें नव्हे, तर कोणत्या खेळानें कोणती शक्ति वाढते हें लक्षांत घेऊन. आपल्याकडे मोठ्यांच्या व्यायामाचें असें काम ज्ञानकोशकारांनीं केलें. लहान मुलांच्या खेळांचे गांवोगांवचे पाठभेद मात्र अजून वृद्धांच्या आठवणींतच आहेत. कोंकणांत एका रीतीनें, देशावर दुसऱ्या, वऱ्हाडांत तिसऱ्या रीतीनें खेळला जाणारा तोच खेळ. त्याचें स्थानिक नांव. किती वयापासून मुलें तो खेळत. लिंबूटिंबूस कोणती सवलत असे. कोणत्या जातींचीं मुलें एकत्र खेळत व कोणतीं बाहेर ठेवलीं जात. मुली कोणत्या वयांत खेळावयाच्या थांबत. इतकीं कलमें प्रत्येक गांवाहून टिपून घेतलीं, तर आपल्या सामाजिक इतिहासाचें एक अस्सल साधन हातीं येईल. बखरी व कागद दप्तरांत शंभर वर्षें वाट पाहूं शकतात. हें दप्तर तशी वाट पाहणारें नव्हे. ज्या वाचकांस आपल्या गांवचे खेळ आठवत असतील, अथवा आठवणारीं माणसें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं तें काम ह्या वर्षींच हातीं घ्यावें, आणि जमलें तर लिहितां लिहितां घरांतील एखाद्या सात वर्षांच्या मुलास अंगणांत नेऊन तो डाव एकदां मांडूनही पाहावा.